दूरच्या संगणकाशी देवघेव

दूरच्या सर्व्हरवर फाइल धाडण्याचे नियम अभय भूषण या भारतीय अभियंत्यांनी अमेरिकेत १९७१ साली लिहिले; त्यांस एफटीपी म्हणतात. पायथन भाषेतील ‘एफटीपीलिब’ ही लायब्ररी (हिच्यात पुस्तक मात्र एकही नाही!) दोन वाटा उघडते : एक आज्ञांची, दुसरी मालाची. ‘स्टोरबायनरी’ने फाइल जाते, ‘रेट्रबायनरी’ने येते. छायाचित्र चुकून ‘स्टोरलाइन्स’ने धाडल्यास ओळ संपल्याची चिन्हे मध्येच घुसून चित्र नासते. याहून मोठा धोका असा की, साध्या एफटीपीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वाटेत कोणीही वाचावा! म्हणून ‘पॅरामिको’ लायब्ररीने एसएफटीपी वापरणे बरे. तेथे सारे सांकेतिक रूपात जाते. मात्र सर्व्हरची ओळखकिल्ली आधी पडताळून पाहावी, नाहीतर आपले गुपित आपणच तोतयाच्या हाती देऊ.