दोन शैलमठ : गेगार्ड व मंडपेश्वर

मठ कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न चर्चच्या इतिहासाच्या अभ्यासकास वारंवार पडतो. त्याचा विचार करण्यास खडकात वसलेले दोन मठ उपयोगी पडतील : एक आर्मेनियातील गेगार्ड व दुसरा मुंबईतील बोरिवलीचा मंडपेश्वर.

गेगार्ड आझात नदीच्या अरुंद दरीत आहे. ४थ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियाच्या राजास बाप्तिस्मा देणारे संत ग्रेगरी यांनी तो स्थापिला, अशी परंपरा आहे. तेथील गुहेतला झरा त्यापूर्वीही पवित्र मानला जाई. १०व्या शतकात अरब स्वारीत मठ लुटला गेला. १२१५ मध्ये मुख्य ख्रिस्तमंदिर उभे राहिले. पुढे प्रोश नामक सरदाराने मठ विकत घेऊन डोंगरात प्रार्थनामंदिरे व आपल्या घराण्याचे दफनस्थान कोरविले. त्यांपैकी एका मंदिरात तो झरा आजही वाहतो. प्रभूच्या कुशीत भोसकलेला भाला म्हणून पूज्य मानलेला अवशेष येथे असे. त्यावरूनच ‘गेगार्ड’, म्हणजे भाला, हे नाव पडले. कालांतराने भूकंप व स्वाऱ्या यांमुळे मठ ओसाड झाला, तरी पुन्हा वसला. ५व्या शतकापासून आर्मेनियन जनतेस स्वतःच्या लिपीत पवित्र शास्त्र व उपासना लाभली होती. मठ ओस पडला तेव्हाही त्या भाषेतील उपासना अन्यत्र चालूच होती.

मंडपेश्वरची कथा निराळी आहे. मुळात ते खडकात कोरलेले प्राचीन शिवालय होय. १६व्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज अमलात अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तेथे चर्च स्थापिले. शिल्पे झाकण्यात आली. वर टेकडीवर मठ व विद्यालय उभे राहिले आणि राजाश्रयही मिळाला. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकली आणि तो आश्रय संपला. मठाचे आज भग्नावशेष उरले आहेत. गुहेत पुन्हा शिवपूजा होते.

पूर्वीचे पवित्र स्थान दोन्हीकडे होते, हे विसरून चालणार नाही. परंतु गेगार्डचा खडक तेथील जनतेने स्वतःच्या श्रद्धेने कोरला. मंडपेश्वरात सत्तेने दुसऱ्याचे देवालय घेतले. ही गोष्ट आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

तथापि मंडपेश्वरची मंडळी नष्ट झाली नाही. परकी मठवासी गेल्यावर देशी धर्मगुरूंनी साष्टीतील कुटुंबांची सेवा केली, व निष्कलंक गर्भसंभव मातेच्या नावाचे चर्च त्या परिसरात आजही नांदते आहे. मठ गेला, पण ज्यांच्या घरी प्रार्थना चालू होती ते टिकले.

सियागंजच्या बाजारगर्दीत असो वा माळव्यातील एखाद्या खेड्यात, आपल्या मंडळ्या लहान आहेत व त्यांना राजाश्रय नाही. धर्मशिक्षकाने मुलांना मातृभाषेत शिकविलेली प्रार्थना हाच त्यांचा पाया होय. तो घालण्याचे काम आपणाकडे सोपविलेले आहे.