न विकल्या मालावरचा नफा

सोलापूरचा चादर-टॉवेलचा कारखानदार वर्षअखेर शिलकी मालाची किंमत खर्चाने किंवा बाजारभावाने, यांपैकी जी कमी असेल तिने धरतो. न विकल्या मालावर नफा मांडणे त्याला पटणारच नाही. एन्रॉनला ते पटले. अमेरिकेच्या रोखे नियामकाने 1992 साली तिला वायूच्या व्यापाराचे हिशेब बाजारमूल्याने ठेवण्याची मुभा दिली आणि दीर्घ मुदतीच्या करारांचा अपेक्षित नफा पहिल्याच वर्षी वहीवर चढू लागला. 2 डिसेंबर 2001 रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वीज मंडळाला महाग पडलेला तिचा दाभोळ प्रकल्प त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडला होता.

रास्त मूल्याचे तत्त्व मात्र त्याज्य नव्हे. ज्या रोख्याचा भाव रोज छापून येतो, तो जुन्या खरेदीकिमतीनेच दाखवणे हीही दिशाभूलच होय. अडचण आहे ती अनेक वर्षांनंतरच्या इंधनाच्या सौद्याची. त्याला बाजार नसतो; तेथे कंपनीचा अंदाज हाच भाव! भारतात 2016-17 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली लेखामानके असा अंदाज ‘तिसरी पातळी’ म्हणून वेगळा दाखवायला लावतात. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची मालक एनटीपीसीही त्यांनी बांधलेली आहे. परंतु ही पातळी मागच्या टिपांत राहते आणि नफा पहिल्या पानावर झळकतो. अंदाजाने आलेला नफा त्या आकड्याशेजारीच छापणे बंधनकारक व्हावयास हवे.