मार्कंडा : मागाहून लागलेली नावे आणि दगडांची साक्ष

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा जिथे वळून उत्तरवाहिनी होते, तिथे मार्कंडादेवाचा मंदिरसमूह उभा आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. भाविकांना देव ठाऊक आहे. देवळाबद्दल आणि या परिसराबद्दल मात्र काही चुकीच्या समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज : ही मंदिरे हेमाडपंती आहेत.
वस्तुस्थिती : हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, काळ तेरावे शतक. मार्कंड्याची नागर शैलीतली मंदिरे त्याच्या आधीची आहेत. जुने दगडी देऊळ दिसले की हेमाडपंती म्हणायचे, ही आपली सवय. मागाहून लागलेले नाव असे चिकटून बसते. उदाहरणार्थ, पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, तिथले लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमन म्हणवत. ते शहर १४५३ मध्ये पडले आणि १५५७ मध्ये हिरोनिमस वुल्फ या जर्मन पंडिताच्या ग्रंथापासून त्यांना ‘बायझंटाईन’ म्हणण्याची वाट पडली. त्या इतिहासाचे अभ्यासक आजही ‘बायझंटाईन’ या नावाची फेरतपासणी करतात. ‘हेमाडपंती’ची फेरतपासणी आपणही करायला हवी.

गैरसमज : शिखर पडले आहे, म्हणजे ते आक्रमकांनी पाडले.
वस्तुस्थिती : पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे आले. वीज पडून मुख्य मंदिराचे शिखर ढासळले, अशी हकिगत त्यांनी नोंदवली. पुढे गोंड राजवटीत डागडुजी झाली.

गैरसमज : ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणजे खजुराहोची नक्कल.
वस्तुस्थिती : भिंतींवरच्या मूर्तींच्या रांगांमुळे साम्य जाणवते. पण नागर शैली मध्य भारतात दूरवर पसरली होती. मार्कंडा त्याच परंपरेतले आहे, तरी हे काम त्याचे स्वतःचे आहे.

गैरसमज : या जंगलपट्ट्याला प्राचीन इतिहास नाही.
वस्तुस्थिती : चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करतो; इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या काळातला ठरवला. दुसरा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. भांदकला विजासनची बौद्ध लेणी आहेत, आणि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपटही तिथलाच.

पुढच्या जत्रेत दर्शन झाले की आणखी एक प्रदक्षिणा घाला, भिंतींकडे बघत, सावकाश. ज्यांनी ही शिल्पे घडवली त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. निदान त्यांचे काम दुसऱ्याच्या नावावर तरी लावू नये.