आधी टाकीचं पाणी, मग रंगीत दिवे

दिल्लीच्या पहाडगंजात घर ‘स्मार्ट’ करायचं असेल तर सुरुवात गच्चीवरच्या टाकीपासून करा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. लोक विचारतात ते बोलून लागणाऱ्या दिव्यांबद्दल. पण दिवा लावायला एक बोट पुरतं. ज्या कामासाठी घरातल्या कुणाची तरी झोप मोडते, किंवा ज्याची धास्ती मनात राहते, ते काम यंत्राकडे आधी जायला हवं.

चुना मंडी, नेहरू बाजार आणि मेन बाजारामागच्या गल्ल्यांमध्ये मी वायरिंगची कामं करतो. वडील सांगली जिल्ह्यातून करोलबागेत सोन्याच्या गलाईच्या कामाला आले. मी पहाडगंजातल्याच नूतन मराठी शाळेत शिकलो आणि विजेच्या कामाला लागलो. सामान चांदनी चौकातल्या भगीरथ पॅलेसमधून आणतो.

दिल्ली जल बोर्डाचं पाणी आमच्या गल्लीत पहाटे येतं. ते खालच्या टाकीत साठतं आणि मोटार ते चौथ्या मजल्यावर चढवते. (थेट लाइनला टुल्लू पंप लावायला बोर्डाची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. एकाने पाणी ओढलं की शेजारच्याचा नळ कोरडा पडतो.) मोटार लावायला आणि बंद करायला कुणीतरी उठतं, आणि ती बहुतेक घरांत बाईच असते. तिचा डोळा लागला की टाकी वाहते. चालू मीटर असलेल्या घराला दिल्लीत महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी फुकट मिळतं, पण हद्द ओलांडली की सगळ्या पाण्याचं बिल येतं. वाहून गेलेलं पाणीही त्या हिशोबात धरलं जातं.

यावरचा उपाय साधा आहे, वॉटर लेव्हल कंट्रोलर. वरच्या टाकीत वेगवेगळ्या उंचीवर स्टीलच्या सळ्या सोडतात. नळाच्या पाण्यातून थोडी वीज वाहते. पाणी खालच्या सळीखाली उतरलं की सर्किट तुटतं आणि मोटार सुरू होते. वरच्या सळीला टेकलं की मोटार बंद. सळ्या खालच्या टाकीतही हव्यातच, कारण तिथलं पाणी संपल्यावर मोटार कोरडी फिरते, सील जातं आणि शेवटी वाइंडिंग जळतं. सळ्यांवर क्षार चढतो, म्हणून अधूनमधून त्या पुसाव्या लागतात. या यंत्रात ना इंटरनेट आहे ना ॲप, आणि मला ते आवडतं. मोटार फोनवरून चालवायची असेल तर नुसता स्मार्ट प्लग पुरत नाही. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्याने प्लगमधल्या छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात, मग फोनवर ‘बंद’ दिसलं तरी मोटार चालूच राहते. मध्ये काँटॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा रिले, घालायलाच हवा.

दुसरं काम जिन्याचं. आमच्या इमारतींचे जिने अरुंद, भर दुपारीही अंधारे. तिथे हालचाल ओळखून लागणारा दिवा हवा. स्वस्त सेन्सर माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता पाहतो. समोरून गरम वस्तू सरकली की त्याला फरक जाणवतो आणि दिवा लागतो. हिवाळ्यात तो छान चालतो. जूनमध्ये दिल्लीची हवाच अंगाइतकी तापते, फरक उरत नाही आणि आजी दोन पायऱ्या चढल्या तरी दिवा लागत नाही. मग रडारवाला सेन्सर लावावा. तो उष्णतेवर अवलंबून नसतो, पण प्लायवुडच्या भिंतीपलीकडची हालचालही टिपतो, आणि आमच्याकडे खोल्यांमध्ये प्लायवुडच जास्त. त्याची संवेदनशीलता कमी करून, जिन्याकडे तोंड करून बसवला तर चांगलं काम देतो.

गॅसच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून डिटेक्टर खाली, फरशीपासून फुटाभरावर लावायचा. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, त्यासाठी डिटेक्टर छताजवळ. एकाच गल्लीत एका घरी सिलिंडर आणि शेजारी पाइप असतो, आणि दोघांनीही डिटेक्टर डोळ्यांसमोर, भिंतीच्या मधोमध लावलेला दिसतो. गॅसचा वास येताच आपोआप सुरू होणारा साधा एक्झॉस्ट पंखा तर कधीच लावू नका. त्याच्या स्विचची ठिणगी पुरे होते. अलार्म वाजला तर कुठलंही बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडकी उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा हा क्रमांक देशभर चालतो.

पंख्यांचं थोडक्यात सांगतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटारचा ३० च्या आसपास. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गने असे पंखे घरोघरी नेले. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. दिल्लीत २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत बिल शून्य येतं. त्या रेषेच्या जरा वर असलेलं घर दोन-तीन पंख्यांत खाली येतं. शिवाय पहाटे गारव्याच्या वेळी टायमरने पंखा आपोआप बंद करता येतो.

प्लग, दिवे, कॅमेरे हे सगळं यानंतर. गीझर दोन हजार वॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, त्याला १६ अँपिअरचाच प्लग लावा. बरीच उपकरणं राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच जोडली जातात, ५ वर नाही. २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकाचं चिन्ह खोक्यावर असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकत्र चालतात. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि राउटरला इन्व्हर्टरची लाइन द्या, नाहीतर वीज गेली की इंटरनेटवर चालणारं सगळं बंद पडतं.

काहीही बसवून घेताना मिस्त्रीकडून हाताने चालणारा बायपास स्विच मागून घ्या. तो कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला दाखवा, त्यांच्याकडून तो एकदा फिरवून घ्या, आणि मगच मिस्त्रीला पैसे द्या.