फोनची बॅटरी : वापर, झीज आणि बदल

फोनच्या बॅटरीविषयी दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांमध्ये दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ सतत झालेली आढळते. एकदा चार्ज केल्यावर फोन किती तास चालतो हा एक प्रश्न, आणि तीच बॅटरी किती वर्षे उपयोगी राहते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर फोन आपली वीज कशावर खर्च करतो यात असते आणि दुसऱ्याचे बॅटरीच्या आत चालणाऱ्या रासायनिक क्रियांमध्ये असते. त्यामुळे एकासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्याला लागू पडतोच असे नाही, कधी तर तो त्याच्या उलटही जातो. रात्रभर चार्जरला लावून सकाळी शंभर टक्के भरलेला फोन दिवसभराच्या कामाला सोयीचा असला, तरी बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीने ती सवय फारशी हितकारक नाही.

आजच्या जवळपास सर्व स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनावर ती उभी आहे. जपानच्या सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत धन आणि ऋण अशी दोन विद्युत अग्रे असतात. फोनच्या बॅटरीत धन अग्र बहुधा लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचे आणि ऋण अग्र ग्रॅफाइटचे असते, आणि दोहोंच्या मध्ये आयनांना वाट देणारा विद्युत विच्छेद्य द्रव भरलेला असतो. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, धन अग्राकडून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि वापराच्या वेळी परत फिरतात. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो, तो आवश्यकही असतो; मात्र तो पुढे हळूहळू जाड होत राहतो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी जुनी होते ती मुख्यतः अशी, आणि ही झीज फोन कपाटात नुसता पडून असला तरी थांबत नाही.

ही क्रिया वेगाने घडवून आणणारी दोन कारणे म्हणजे उष्णता आणि चढा विद्युत दाब. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब रचनेनुसार ४.२ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान असतो, आणि त्या अवस्थेत द्रवाचे विघटन अधिक होते. बॅटरी सुमारे ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर तिची क्षमता साधारण ९६ टक्के उरते; तीच पूर्ण भरून ४० अंशांना ठेवली तर सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत घसरते, असे बॅटरीविषयक साहित्यात नेहमी उद्धृत होणारे आकडे आहेत. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत असे सांगते, तर अकोला किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुचाकीच्या हँडलवर फोन लावून भर उन्हात नकाशा पाहत सामान पोचवणाऱ्यांच्या बाबतीत पूर्ण प्रखरतेवरचा पडदा, अखंड चालणारे जीपीएस, मोबाइल डेटा आणि अनेकदा त्याच वेळी पॉवर बँकेवरून चाललेले चार्जिंग अशी उष्णतेची सगळीच कारणे एकत्र येतात. अशा फोनची बॅटरी घरात वापरल्या जाणाऱ्या फोनपेक्षा लवकर खालावली तर त्यात कंपनीचा दोष शोधण्याचे कारण नाही.

शंभर टक्क्यांनंतरही चार्जर लागून राहिला तर बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते ही भीती मात्र निराधार आहे, कारण फोनमधील नियंत्रक परिपथ प्रवाह तोडतो. तोटा होतो तो तासन्‌तास चढ्या दाबावर राहण्याचा. म्हणूनच अलीकडच्या बहुतेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिलेली असते आणि दिवस सहज निघत असेल तर ती वापरणे शहाणपणाचे ठरते. बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे आणि लिथियम-आयनला तो अपायकारक आहे. जलद चार्जिंगचाही बाऊ करण्याचे कारण नाही, कारण सुरुवातीचा मोठा प्रवाह बॅटरी भरत आली की आपोआप कमी केला जातो. फोन हाताला चटका देण्याइतका तापत असेल तरच जाड कव्हर काढावे किंवा साधा चार्जर वापरावा.

एका चार्जिंगवर फोन किती चालतो, या प्रश्नात सर्वांत मोठा वाटा पडद्याच्या प्रखरतेचा आणि त्याखालोखाल नेटवर्कचा असतो. सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये किंवा धावत्या रेल्वेत सिग्नल क्षीण झाला की फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि पुनःपुन्हा टॉवर शोधतो. अशा ठिकाणी संपर्काची गरज नसेल तर एअरप्लेन मोडसारखा दुसरा उपाय नाही. काळ्या पार्श्वभूमीचा गाजावाजा मात्र मर्यादेतच घ्यावा. ओलेड पडद्यावर काळे बिंदू वीज घेत नाहीत हे खरे, तथापि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात प्रखरता ३० ते ५० टक्के असताना बचत ३ ते ९ टक्केच आढळली, आणि पूर्ण प्रखरतेवर मात्र ती ३९ ते ४७ टक्के होती. उघडी ॲप एकामागून एक सरकवून बंद करण्याची सवय तर निरुपयोगीच आहे, कारण बहुतेक ॲप मागे निद्रिस्त असतात आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यात अधिक वीज जाते.

बॅटरी केव्हा बदलावी, याचा रूढ निकष मूळ क्षमतेच्या ८० टक्के हा आहे. शंभर टक्के क्षमतेइतकी वीज, एकदम किंवा तुकड्यातुकड्याने, वापरून झाली की एक चार्जचक्र पूर्ण होते. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ५०० चक्रांनंतर आणि आयफोन १५ पासून १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राहील असे सांगते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनना ८०० चक्रांची अट घातली आहे. क्षमता घटते तसा बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा विरोध, वाढतो. त्यामुळे कॅमेरा उघडताना एकदम अधिक प्रवाह लागला की दाब कोसळतो आणि वीस-तीस टक्के दाखवणारा फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने जुने फोन गुपचूप मंद केल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये उघड झाले, तेव्हा मंद झालेला फोन नव्या बॅटरीने पुन्हा वेगवान होऊ शकतो हे जगाला समजले. नवा फोन घेण्याआधी ही शक्यता तपासून पाहावी.

बदली बॅटरी निवडताना कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र हा पहिला पर्याय होय. तेथे सुटे भाग मिळत नसतील तर बाहेरची बॅटरी घेताना मिलिअँपिअर-तासांच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ५००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्ट यांचा गुणाकार १९.२५ वॉट-तास होतो. वेष्टनावरील आकडे असे जुळत नसतील किंवा जुन्या मॉडेलच्या तेवढ्याच आकारात दीडपट क्षमतेचा दावा असेल, तर ते लेबल खोटे समजावे. निर्मितीची तारीख क्षमतेपेक्षा महत्त्वाची आहे, कारण दुकानात तीन-चार वर्षे पडून प्रमाणाबाहेर रिकामा झालेला सेल आतून खराब झालेला असतो आणि पुन्हा चार्ज केल्यास धोक्याचाही ठरू शकतो. भारतात अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून निर्मात्याचे नाव वेष्टनावरील नावाशी जुळते का ते पाहता येते. नामांकित कंपनीचा शिक्का हीदेखील पूर्ण हमी नव्हे : नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांविषयी इशारा दिला होता, आणि त्या मात्सुशिता या बड्या जपानी कंपनीने बनवलेल्या होत्या.

फोन उघडला की जलरोधक सील तुटते, म्हणून नवी चिकटपट्टी लावून घ्यावी आणि त्यानंतरही फोन पाण्यापासून जपावा. २०१८ पासूनच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी ओळखली गेली नाही तर तसा संदेश दिसतो, हे आधीच गृहीत धरावे.

फोनची पाठ उचललेली किंवा पडदा कडेने वर आलेला दिसला तर बॅटरी आतील वायूने फुगली आहे असे समजून फोन ताबडतोब बंद करावा, चार्जरला लावू नये, दाबून बसवण्याचा किंवा टोचून हवा काढण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरी जाणकाराकडूनच काढून घ्यावी. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावी.