थ्रिफ्टिंग, जुना बाजार आणि अनोळखी माणसाशी गप्पा

थ्रिफ्टिंग हा शब्द आपल्याला इन्स्टाग्रामनं दिला, पण धंदा लई जुना आहे. मुरूमला काय आणि पुण्याला काय, डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण दारात यायची तेव्हापासूनचा. जुने कपडे द्या, भांडं घ्या.

यात नोटा हातात येतच नाहीत. म्हणजे भाव ठरतो तो निव्वळ बोलण्यावर. बोहारीण पँट उजेडाकडे धरणार, गुडघा बघणार, चेन वरखाली करणार. आजी म्हणणार, "अगं, दोनदाच घातलीय." मग ती पातेलं मागं सारून वाटी पुढं करणार. या घासाघिशीत कुणाच्या पोरीचं लग्न, पाऊसपाणी, गुडघेदुखी, सगळं निघतं. जरीची साडी बाहेर आली की मात्र दोघीही सावध! खऱ्या जरीत चांदी असते, आणि ती साडी जाळून काढता येते.

पुढं या कपड्यांची निवड होते. धड असलेले धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात येतात. चिंध्या झालेले गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला जातात. आणि घरातच राहिले तर त्यांची वाकळ होते.

पुण्यात याचाच मोठा भाऊ म्हणजे मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरणारा. नाणी, घड्याळं, पाने-पकडी, पितळी भांडी, बूट. कशावरही किंमत लिहिलेली नाही, वॉरंटी तर सोडाच. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हाच घोळ मांडला होता: माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा कमीच भाव देतो, आणि मग चांगल्या मालाचा मालक बाजारातून निघून जातो. 2001 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. पण जुना बाजार तरी चालतोच की! कारण इथं वस्तूची माहिती माणसाच्या तोंडी असते, आणि ती काढून घ्यायची तर बोलावं लागतं.

मी एकदा टेबल फॅन बघत होतो. विकणारे काका स्वतःच म्हणाले, "आवाज करतो, पण वारा देतो." मग विचारलं, "गाव कंचं?" मुरूम म्हटल्यावर, "म्हंजे उमरग्याकडचं!" भाव एक रुपया उतरला नाही, पण तेल कुठं सोडायचं ते त्यांनी फॅन उघडून दाखवलं. हे ॲपवर कोण दाखवणार?

अनोळखी माणसाशी बोलायला आपण उगाच कचरतो. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलमध्ये याचा प्रयोग केला, 2014 मध्ये तो छापून आला. लोकांचा अंदाज होता, गप्प बसलो तर प्रवास बरा जाईल. प्रत्यक्षात शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान गेला. आपल्या एसटीत हे सांगायला प्रयोग लागला नसता, पण ऑफिसच्या बसमध्ये आपण सगळे हेडफोन घालूनच बसतो ना.

एक गोष्ट मात्र मला खुपते. वापरलेला शर्ट मी घालून फिरलो तर ती स्टाइल, आणि बिगारी काम करणाऱ्यानं घातला तर ती गरिबी. आजी म्हणते, "दुसऱ्याच्या अंगावरचं घालू नये बाबा." पण तिनं दिलेले कपडे कुणीतरी घातलेच की! ज्या बाईनं उन्हात दारोदार फिरून ते गोळा केले, तिची मजुरी त्या शर्टात धरलेली असते. म्हणून मी कपड्यांवर फार घासाघीस करत नाही. यंत्रांवर करतो.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, सुट्टे पैसे ठेवा. "केवढ्याला?" हे आधी विचारू नका, "हे कुठून आलं?" असं विचारा. रेडिओ, घड्याळ घ्यायचं असेल तर सेल घरूनच न्या, तिथंच घालून बघा. आणि कपडे आणले की आधी गरम पाण्यात, मग कडक उन्हात.