विश्लेषण : ‘पोल पोझिशन’ मिळवणाऱ्याला नेमके काय मिळते?

फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत अव्वल ठरणाऱ्या चालकाला गुण मिळतात शून्य. तरीही या फेरीसाठी एवढी चुरस का?

पोल पोझिशन म्हणजे काय?
पात्रता फेरीचे तीन टप्पे असतात. अखेरच्या टप्प्यात उरलेल्या १० चालकांपैकी सर्वांत वेगवान लॅप नोंदवणारा मुख्य शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात करतो. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर पुढच्या गाडीला मागे टाकणे अत्यंत कठीण असल्याने तिथे या स्थानाचे मोल फार.

पुरस्कार कोणता?
हंगामात सर्वाधिक पोल मिळवणाऱ्यासाठी ‘एफआयए’ने २०१४ मध्ये करंडक सुरू केला. २०१८ मध्ये त्याची जागा पिरेलीच्या पुरस्काराने घेतली. आता पोल मिळवताच चालकाच्या हाती नाव कोरलेला छोटा टायर दिला जातो.

पोल म्हणजे जगज्जेतेपदाची हमी?
मुळीच नाही. २०१४ मध्ये ११ पोलसह पहिला करंडक निको रोसबर्गने पटकावला. पण त्याच्या ५ विजयांच्या तुलनेत ११ शर्यती जिंकणारा लुइस हॅमिल्टन जगज्जेता ठरला. २०१६ मध्ये नेमके उलटे घडले. सर्वाधिक १२ पोल हॅमिल्टनचे, जगज्जेतेपद मात्र रोसबर्गचे, तेही अवघ्या ५ गुणांनी.